बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी दमदार रेड वाईन सुचवा, कुटुंबाने चालवलेल्या वायनरीची

दिंडोरीची_लेक | १४ जानेवारी, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतील. घरच्या घरीच जेवण आहे. भाऊ-वहिनी, आम्ही दोघं, नातवंडं आणि बाबांचे दोन-तीन जुने मित्र. त्या दिवशी एक रेड वाईन उघडायची आहे. कोणती, ते विचारायला हा धागा.

कारण सांगते. २००४ साली बाबांनी दोन एकर थॉम्पसन, म्हणजे खायची द्राक्षं, काढून वाईनची शिराज लावली. करार होता, रोपंही वायनरीनेच दिली होती. तेव्हा आमच्या पट्ट्यात ज्याच्या त्याच्या तोंडी वाईनचंच नाव. सुरुवातीची वर्षं माल नीट गेला, पैसेही आले. २००९ च्या हंगामात गाडीच आली नाही. फोन उचलेनात. घड वेलीवर सुकले. ती द्राक्षं मार्केटला नेऊन घेणार कोण? मणी बारका, साल जाड, आत नुसत्या बिया. आदल्या वर्षीची बाकीही बुडाली. २०१० मध्ये बाबांनी जेसीबी बोलावून बाग काढली. मी नुकतीच पुण्यात नोकरीला लागले होते, त्या दिवशी घरी नव्हते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

इतकी वर्षं शिराज पिकवली, पण तिची वाईन बाबांनी कधी चाखलेली नाही. क्रेट गाडीत चढले की आमचा संबंध संपायचा.

म्हणून दोन अटी. पहिली, वाईन दमदार हवी. बाबा लग्नाकार्यात एखादा पेग घेतात, त्यांना पातळ, गोडुस काही दिलं तर सरबत म्हणून बाजूला ठेवतील. दुसरी, वायनरी घरातल्या माणसांनी चालवलेली हवी, जिथे रात्री जेवताना छाटणीची आणि भुरी रोगाची बोलणी होतात. बजेट अडीच हजारांपर्यंत. आई माळकरी आहे, तिच्यासाठी वेगळं सरबत होईल, तिची काही हरकत नाही.

---

रानवारा | १४ जानेवारी, रात्री ९.४८

बाबांना आधीच नमस्कार सांगा. गंगापूर धरणाजवळच्या यॉर्कची 'आरोस' घ्या, शिराज आणि कॅबरने सोव्हिन्यॉं या दोन काळ्या द्राक्षांचं मिश्रण आहे. गुरनानी कुटुंबाची वायनरी. नावसुद्धा तीन मुलांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ठेवलेलं आहे.

---

गोदाकाठ | १४ जानेवारी, रात्री १०.३१

रानवारा, वाईन चांगली सुचवलीत, पण यॉर्क २०२१ मध्ये सुलाने घेतली. उभी त्या कुटुंबानेच केली हे खरं, पण ताईंची दुसरी अट आता तिथे बसत नाही.

ताई, तुमच्या दोन्ही अटींना पुरी पडेल अशी एक वायनरी तुमच्या शेजारच्या तालुक्यातच आहे. निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची 'रेव्हिलो'. स्वतःची बाग, स्वतःची वायनरी. सुरुवातीपासून इटालियन वाईनमेकरचं मार्गदर्शन घेतलं आणि नेरो द'आव्होला, ग्रिलो या इटालियन जाती भारतात पहिल्यांदा त्यांनी लावल्या. त्यांची 'सिरा रिझर्व्ह' बघा.

आणि सिरा म्हणजेच शिराज. जात एकच, फ्रेंच नाव सिरा, ऑस्ट्रेलियाने रूढ केलं ते शिराज. म्हणजे तुमच्या बाबांचंच द्राक्ष.

कुंदेवाडी हे नाव बाबांना वाईनमुळे नाही तरी थंडीमुळे माहीत असणार. दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात येतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा अमुक अंशांवर घसरला. ती थंडी वाईनच्या द्राक्षाला फार मोलाची. आपल्याकडे दिवसा ऊन तापतं, साखर भराभर चढते. रात्रीही उकाडा राहिला तर आंबटपणा उतरून जातो आणि वाईन बसकी लागते. रात्र गार पडली की आंबटपणा टिकतो, सालीला रंग चांगला धरतो. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात वाढून सप्टेंबरच्या सुमाराला उतरतं. आपण सप्टेंबरला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, घेतो आणि जानेवारी ते मार्च तोडतो, म्हणजे सगळं पीक हिवाळ्यावर काढतो. उलटं कॅलेंडर आहे, पण नाशिकची रेड वाईन उभी आहे ती त्यावरच.

---

अपर्णा_ठाणे | १५ जानेवारी, सकाळी ७.५५

छान धागा. पण मला एक सांगा, 'दमदार' म्हणजे नेमकं काय? अल्कोहोल जास्त? रंग गडद? दुकानातला माणूस प्रत्येक बाटलीला 'बोल्ड आहे मॅडम' म्हणतो.

---

पाट्यावरचं_वाटण | १५ जानेवारी, सकाळी ८.१०

आमच्या सासूबाईंच्या भाषेत: घोट गेल्यावर माणूस दोन मिनिटं गप्प बसला पाहिजे.

---

गोदाकाठ | १५ जानेवारी, दुपारी १.१५

अपर्णाताई, चार गोष्टी एकत्र आल्या की वाईन दमदार लागते. अल्कोहोल साडेतेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास. फळाचा भरीव स्वाद. लाकडी पिंपात मुरल्याचा वास, म्हणजे लवंग, भाजलेली सुपारी, थोडा धूर. आणि सगळ्यात महत्त्वाचा तुरटपणा.

तुरटपणा ओळखायला वाईनच हवी असं नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढली जाते, कोरा चहा जास्त उकळला की हिरड्या कोरड्या पडतात, तोच हा. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत तो असतो. काळ्या द्राक्षाचासुद्धा रस जवळजवळ पांढराच निघतो, हे बागाईतदाराला सांगायला नको. रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीत. रेड वाईन करताना साल आणि बिया रसातच ठेवून आंबवतात. फेस धरून साली वर येतात, त्या दिवसातून अनेकदा खाली दाबाव्या लागतात. मणी जेवढा बारका तेवढी रसाच्या मानाने साल जास्त. ताई, तुमच्या बाबांची शिराज ज्या कारणाने बाजारात कोणी घेतली नसती, नेमक्या त्याच कारणाने ती वाईनला हवी होती.

तुरटपणा कच्चा असेल तर मात्र सगळं बिघडतं. द्राक्ष अर्धवट पिकलेलं तोडलं की कॅबरनेला ढोबळी मिरचीचा हिरवा वास येतो आणि घोट घशाला खरखरतो. त्याला दमदार म्हणू नये.

---

भीमाकाठचा | १५ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

सोलापूर जिल्ह्याला विसरू नका! आमच्या अकलूजजवळच्या मोटेवाडीची फ्रातेल्ली. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, अशा तीन घरांनी मिळून ती काढली. ऊस आणि साखर कारखान्यांच्या मुलखात वाईनची द्राक्षं, तेव्हा बरेच जण वेड्यात काढत होते. त्यांची 'सेत्ते' म्हणजे सांजोवेझे ही इटालियन जात आणि कॅबरने सोव्हिन्यॉं, ओकच्या पिंपात मुरवलेली. भारतातली रेड वाईन कुठवर जाऊ शकते ते कळायला ही एक बाटली पुरे. पंच्याहत्तरीला शोभेल अशी.

---

गोदाकाठ | १५ जानेवारी, संध्याकाळी ७.०५

सेत्तेला माझंही अनुमोदन. फक्त अलीकडच्या वर्षाची बाटली घेतलीत तर दोन तास आधी उघडून ठेवा, नाहीतर तुरटपणा अंगावर येतो.

---

वर्धेकर | १६ जानेवारी, सकाळी १०.२२

मी जरा वेगळं लिहिणार आहे, राग मानू नये. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. तरी चोरून मिळते, आणि माझे सख्खे काका त्यातच गेले. काकूने दोन मुलं कशी वाढवली ते मी पाहिलंय. २०२२ च्या जानेवारीत सरकारने १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपर मार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य फार वेळा ऐकलं. मी विरोधात होतो, आजही आहे. तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या वस्तूला दारू म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

ताई, तुमच्या बाबांची हकीकत वाचून मात्र गलबललं. तुमच्या समारंभाला माझ्या शुभेच्छाच आहेत. फक्त शेतकऱ्याचं भलं होतं, ही ढाल कुणी पुढे करू नये एवढं वाटतं.

---

दिंडोरीची_लेक | १६ जानेवारी, दुपारी २.३०

वर्धेकर दादा, राग कशाचा? वाईन ही दारूच आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच सात-आठ मोठ्या माणसांत एकच बाटली आहे आणि मुलांसमोर तिचं कौतुक करणार नाही. काकूंना माझा नमस्कार सांगा. आणि शेतकऱ्याच्या भल्याबद्दल म्हणाल, तर आमच्या घरी ते कोणत्या रूपात आलं ते वर लिहिलंच आहे.

---

छाटणीवाला | १६ जानेवारी, रात्री ९.५०

दिवसभर बागेत होतो, आत्ता वाचतोय. दिंडोरी तालुक्यातच आज माझी दीड एकर शिराज आणि एक एकर कॅबरने करारावर उभी आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

ताई, २००९ मी पाहिलाय. आदल्या वर्षीची मंदी, त्यात मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली आणि वाईनचा उठाव कोसळला. टाक्या आधीच भरलेल्या. आमच्या शिवारात माणसांनी बागा काढल्या. कुणी तोडून टोमॅटो लावला, कुणी पुन्हा थॉम्पसनवर गेला. तुमच्या बाबांच्या हातून काही चुकलं नव्हतं, हे त्यांना सांगा. आमच्यातल्या पुष्कळांना कित्येक वर्षं तसंच वाटत राहिलं होतं.

मी पुन्हा का लावली? खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीए या संजीवकाचे डिप, विरळणी, पेपर लावणं, मजुरांची पळापळ. वाईनच्या द्राक्षाला यातलं बरंचसं लागत नाही. मणी लहानच हवा, घडाला देखणेपण नको. भाव आधी ठरलेला. एकरी माल कमी येतो, तोही मुद्दाम कमी ठेवायचा, कारण वेलीवर फार घड ठेवले की वाईनला पाणीच उतरतं. भुरी, डाऊनी हे रोग आणि अवकाळी पाऊस मात्र दोघांना सारखेच. फेब्रुवारीत गारपीट झाली तर करार काय करणार?

वर्धेकरांच्या मुद्द्यावर माझं मत: विक्री कुठे होते याने माझ्या घरात फारसा फरक पडत नाही. करार लेखी आहे का, ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातली साखर, माझ्यासमोर मोजतात का, आणि पैसे ठरल्या तारखेला येतात का, याने पडतो. घरच्या माणसांनी चालवलेल्या वायनरीत निदान मालक कुठे राहतो ते मला माहीत असतं. ताईंची दुसरी अट मला त्यासाठीच पटली.

बाबांना फेब्रुवारीत आमच्याकडे घेऊन या. तोडणीच्या आधी शिराजच्या ओळीतून एक फेरी मारू दे त्यांना.

---

दिंडोरीची_लेक | १६ जानेवारी, रात्री १०.०४

दादा, हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

---

तासगावकर | १७ जानेवारी, दुपारी १२.१०

दमदार म्हटलं की मला एकच वाईन आठवते, आणि तिचा आमच्या बेदाण्याच्या धंद्याशी थेट संबंध आहे. मुलगी मिलानला शिकत होती तेव्हा आम्ही व्हेरोनाजवळ व्हाल्पोलिचेल्लाला गेलो होतो. तिथली 'अमारोने'. कोर्व्हिना जातीची काळी द्राक्षं तोडून लगेच गाळत नाहीत, हवेशीर माळ्यावर बांबूच्या ताट्यांवर किंवा क्रेटमध्ये पसरून तीन-चार महिने सुकवतात. वजन तिसऱ्या हिश्शाने घटतं. मग साखर घट्ट झालेल्या त्या द्राक्षांची वाईन. अल्कोहोल पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत जातं, आणि चव म्हणजे मनुका, चॉकलेट आणि कडसर शेवट. नावाचा अर्थच 'मोठी कडू' असा काहीसा आहे.

मी त्या माळ्यावर उभा राहून बायकोला म्हटलं, अगं ही तर आपली बेदाणा शेड! फरक एवढाच की आपण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून पंधरा दिवसांत सुकवतो, कारण आपल्याला बेदाणा हिरवा आणि लवकर हवा. ते कशातही बुडवत नाहीत, हिवाळाभर थांबतात, आणि घडावर बुरशी दिसली की एकेक घड हाताने काढून टाकतात. तिथे मासी म्हणून वायनरी आहे, बोस्काइनी कुटुंबाची, १७७२ पासून. आपल्याकडे आयात शुल्क लागून बाटली तुमच्या बजेटच्या बरीच वर जाईल. पण कधी कुणी युरोपातून येत असेल तर सांगून ठेवा.

माझी वर्षानुवर्षांची इच्छा आहे की सांगली-तासगावात कुणीतरी असा प्रयोग मनापासून करावा. सुकवायचं ज्ञान आमच्या बायाबापड्यांच्या हातात आहे.

---

लिव्हरमोरकर | १७ जानेवारी, रात्री ११.४५

तासगावकर, काय सुरेख लिहिलंत.

मी कॅलिफोर्नियातून. इथे फ्रीमाँट, प्लेझंटन, डब्लिन भागात मराठी माणसं खूप, आणि गाडीने थोडं पुढे गेलं की लिव्हरमोर खोरं. नापाला सगळे जातात, हे मागे राहतं. इथली वेंटी वायनरी १८८३ पासून त्याच कुटुंबाकडे आहे, आता पाचवी पिढी. अमेरिकेत सलग एकाच घराण्याकडे राहिलेल्या वायनऱ्यांत ती सगळ्यात जुनी मानतात. त्यांचं नाव शार्डने या पांढऱ्या वाईनसाठी मोठं, पण कॅबरनेही चांगली.

मला दमदार हवी असते तेव्हा मी 'पतीत सिरा' घेतो. नावात पतीत, म्हणजे फ्रेंचमध्ये छोटी, पण वाईन शाईसारखी काळी आणि तुरटपणा जबरदस्त. जात सिराच्याच परागातून फ्रान्समध्ये तयार झाली, दुसरी बाजू पेलुर्सँ नावाची. फ्रान्सने फारशी जवळ केली नाही, कॅलिफोर्नियाने वाढवली. स्वतःच्या नावाने लेबल लावून बाटलीत भरली ती पहिल्यांदा लिव्हरमोरच्याच कॉनकॅननने, १९६१ च्या हंगामाची. कॉनकॅनन आता त्या कुटुंबाकडे नाही. तुम्हाला कुटुंबाचीच हवी तर कॅलिफोर्नियातल्याच लोडायची मायकल डेव्हिड वायनरी, फिलिप्स घराणं, सहा पिढ्या शेती.

दिंडोरीच्या ताई, हे तुमच्या उपयोगाचं नाही, कळतं. इथल्या वाचकांसाठी लिहिलं. तुम्हाला माझं मत: नाशिकचीच घ्या. बाबांनी लेबलवर आपल्या ओळखीचं गाव वाचलं पाहिजे.

---

मेलबर्नची_मीरा | १८ जानेवारी, पहाटे ५.३०

शिराजचा विषय आहे म्हणून राहवेना. इथे दक्षिण ऑस्ट्रेलियात हेन्श्की कुटुंब १८६८ पासून वाईन करतं. त्यांच्या 'हिल ऑफ ग्रेस' या बागेतल्या सगळ्यात जुन्या शिराजच्या वेली १८६० च्या सुमाराला लावलेल्या आहेत आणि अजून फळ देतात. ती बाग मी कुंपणाबाहेरून पाहिली. खोड एखाद्या म्हाताऱ्या बाभळीसारखं पीळ पडलेलं. ताई, सहा वर्षांची शिराज जेसीबीने काढली हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि मला तीच खोडं आठवली.

---

पाट्यावरचं_वाटण | १८ जानेवारी, सकाळी ९.००

बरं, जेवायला काय आहे? ते ठरल्याशिवाय वाईन ठरवणं म्हणजे वर बघायच्या आधी मांडव घालणं.

---

दिंडोरीची_लेक | १८ जानेवारी, सकाळी ९.१२

काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी. आईसाठी भरलं वांगं, आमटी-भात.

---

पाट्यावरचं_वाटण | १८ जानेवारी, सकाळी ९.४०

उत्तम. मटणाची चरबी आणि रेड वाईनचा तुरटपणा यांचं जमतंच. तुरटपणा मटणातल्या प्रथिनांना आणि चरबीला धरतो, घोट मऊ होतो, आणि पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. काळ्या मसाल्यातलं भाजलेलं खोबरं, दगडफूल, मसाला वेलची शिराजला फार छान जाते, कारण शिराजलाच मिऱ्याचा वास असतो.

पण तिखट हात राखून! तिखटाने जीभ पोळलेली असताना तुरट आणि जास्त अल्कोहोलची वाईन घेतली की आग आणखी भडकते. आमच्याकडे एकदा कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर कॅबरने उघडली होती. रस्सा पहिल्या नंबरचा, वाईनही चांगली, आणि दोघांची मिळून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. तुम्ही रस्सा वेगळा तिखट करा आणि वाईनबरोबर आधी सुकं मटण वाढा, चाप वेगळे काढून तव्यावर परतून.

शाकाहारी मंडळींसाठी: वांग्याचं भरीत, चुलीवर भाजलेलं. धुराचा वास ओकच्या वासाशी जुळतो. काळ्या वाटाण्याची उसळही चालते.

---

मुक्काम_नागपूर | १८ जानेवारी, संध्याकाळी ५.१८

बाटली कुठून घेता ते बघा. गेल्या वर्षी मे महिन्यात मी इथल्या एका दुकानातून चांगली महागडी शिराज आणली. बाटल्या काचेच्या दर्शनी कपाटात उभ्या, बाहेर पंचेचाळीस अंश, एसी फक्त गल्ल्याजवळ. घरी उघडली तर बूच आधीच थोडं वर आलेलं आणि वास शिजवलेल्या मुरांब्याचा. वाईनमध्ये दोष नव्हता, ती उन्हाने मारली होती. तेव्हापासून मागच्या थंड खोलीतली बाटली मागतो आणि लेबलवरचं साल वाचतो. वायनरीच्या दारातूनच घेता आली तर सगळ्यात बरं.

---

गोदाकाठ | १८ जानेवारी, रात्री ८.५०

नागपूरकरांना शंभर टक्के अनुमोदन. आणि याच्याशीच जोडलेली एक चूक आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात होते. 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यायची' हे वाक्य युरोपातल्या थंड दगडी घरांतून आलेलं आहे. मार्चमधली आपली खोली तीस अंशांची. त्या तापमानाला नुसतं अल्कोहोल नाकात जातं आणि माणूस म्हणतो, ही तर रॉकेलसारखी लागते. सोळा ते अठरा अंश हवेत. म्हणजे उघडायच्या आधी अर्धा तास, उन्हाळा असेल तर पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवायची. आणि तासभर आधी रुंद तोंडाच्या जगमध्ये ओतून ठेवायची.

---

अपर्णा_ठाणे | १८ जानेवारी, रात्री ९.०२

माझ्या आजीचा मोठा पितळी तांब्या आहे, त्यात ओतली तर चालेल? पंक्तीत शोभेल.

---

तासगावकर | १८ जानेवारी, रात्री ९.०६

अजिबात नको! ताक कळकतं तशी कळकेल. वाईन आंबट असते. कल्हई असली तरी नको. काचेचाच जग घ्या.

---

इगतपुरीचा_पाऊस | १९ जानेवारी, सकाळी ११.२५

अजून एक नाव यादीत असू द्या. इगतपुरीजवळ कावनईला, मुकणे धरणाच्या काठावर 'व्हॅलोने'. लहान वायनरी, थोडंच करतात. त्यांची माल्बेक दमदार आणि तरी मऊ. पहिल्यांदा रेड वाईन घेणाऱ्या माणसाला माल्बेक लवकर आवडते, तुरटपणा टोचत नाही. बाबांच्या मित्रांचाही विचार करा.

---

वर्धेकर | १९ जानेवारी, दुपारी ४.००

काकूला धागा वाचून दाखवला. म्हणाली, बागेत घेऊन जा म्हणावं त्यांना, तेच खरं.

---

दिंडोरीची_लेक | २० जानेवारी, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर वाईनबद्दल जेवढं बोललं गेलं तेवढं बाग असताना कधी बोललं नव्हतं.

ठरलं ते असं. सेत्ते खूप मोहवत होती, माल्बेकही, आणि दोन्ही पुढे कधीतरी घेईनच. पण गोदाकाठ यांच्या 'बाबांचंच द्राक्ष' या शब्दांनी निकाल लागला. कुंदेवाडीची सिरा घेते आहे. भाऊ निफाडला जाणार आहे, तोच आणेल, दुकानातल्या काचेच्या कपाटातली नाही. आणि छाटणीवाला दादा, फेब्रुवारीत आम्ही येतोय.

---

छाटणीवाला | २० जानेवारी, रात्री ९.३३

या. चहा नाही, जेवूनच जायचं.

---

दिंडोरीची_लेक | ९ मार्च, रात्री १०.४०

धागा वर काढते आहे. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, पुढचं कळवणं माझं कामच आहे.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी दादांच्या बागेत गेलो. बाबा आधी यायला तयार नव्हते. 'दुसऱ्याची बाग काय बघायची' म्हणाले. बांधावर गाडी थांबली तशी चप्पल गाडीतच ठेवून उतरले. शिराजच्या पहिल्या ओळीत शिरले आणि पान उलटं करून भुरी आहे का ते बघितलं. मग दादांना विचारलं, खाली खुंट डॉगरीजचं आहे का? छाटणी कधी घेतली? एका वेलीवर किती घड ठेवले? अर्धा तास त्या दोघांना आमची कुणाची आठवण नव्हती.

दादांनी साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर दिला. बाबांनी तो हातात घेतला, पण आधी एक मणी तोंडात टाकला, चावला, साल दाढेखाली धरून ठेवली आणि बिया तळहातावर काढल्या. तपकिरी होत्या. दाताखाली एक फोडली. म्हणाले, 'बी पिकलंय. चार दिवसांत तोडा, नाहीतर आंबटपणा जाईल.' वायनरीनेही पाच दिवसांनंतरचीच तारीख दिली होती, असं दादांनी नंतर सांगितलं. २००४ ते २००९ मध्ये हे बाबांना कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हा फक्त आकडा मोजून गाडी भरायची.

वाढदिवसाच्या दिवशी सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. पाऊण तास फ्रिज, तासभर काचेच्या जगात, आधी सुकं मटण. पहिला घोट घेतला आणि पाट्यावरच्या सासूबाईंनी म्हटलं तसं झालं, बाबा गप्प. मग म्हणाले, 'जांभळासारखी ओढते.' दुसऱ्या घोटाला, 'मिऱ्याचा वास आहे.' हे मी त्यांना आधी काहीच सांगितलेलं नव्हतं.

त्यांचे मित्र, तेही त्याच वर्षी बाग काढलेले, ग्लास उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होते. त्यांनी विचारलं, 'आपल्या मालाचीही अशीच झाली असेल का रे?'

बाबा म्हणाले, 'झाली असती. दोन हजार आठचा माल याच्यापेक्षा काळा होता.'

आईने रिकामी बाटली धुऊन खिडकीत ठेवली आहे. आज सकाळी बघितलं तर तिच्यात दादांच्या बागेतून आणलेली शिराजची काडी पाण्यात उभी होती.